निविदेचा अर्थ कोणी लावायचा?

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर निविदा-सूचना नित्य छापल्या जातात. साहित्याचा अभ्यासक त्यांच्याकडे वळत नाही, आणि त्यात नवल नाही. त्यांची भाषा ठरीव असते. शेवटचे वाक्य तर जवळजवळ सर्वत्र तेच असते. कोणतेही कारण न देता एक वा सर्व निविदा फेटाळण्याचा अधिकार राखून ठेवण्यात आला आहे, अशा अर्थाचे. परंतु या रूक्ष मजकुरावरून आपल्या न्यायालयांत साठाहून अधिक वर्षे जो वाद चालू आहे, तो आपल्या ओळखीचा आहे. संहितेचा अर्थ लेखकाने ठरवायचा की वाचकाने, हाच तो वाद. फरक इतकाच की येथे अर्थ बदलला की कोणाचा तरी धंदा बुडतो, किंवा सार्वजनिक पैसा भलत्या हाती जातो.

आरंभी न्यायालयाला हा प्रश्नच मान्य नव्हता. केरळातील कण्णूरच्या सरकारी रुग्णालयाला दूध पुरवण्याच्या ठेक्यावरून सी. के. अच्युतन यांनी दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, एखादा खाजगी माणूस जसा आपल्या पसंतीच्या माणसाशी करार करतो, तसा तो सरकारलाही करता येतो. यात समतेच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे निविदा हा सरकारचा खाजगी पत्रव्यवहार ठरला. त्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न मग बाहेरच्या कोणाला पडावाच कशाला?

ही भूमिका मोडली ती मुंबईच्या विमानतळावरील एका उपाहारगृहामुळे. जानेवारी १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने तेथे एक द्वितीय श्रेणीचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार तीन वर्षांसाठी चालवायला देण्याकरिता निविदा मागवल्या. अट अशी होती की, निविदाकार हा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला 'नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक' असावा. सहा निविदा आल्या. सर्वांत जास्त परवाना शुल्क, दरमहा ६६६६ रुपये ६६ पैसे, देऊ करणाऱ्याची निविदा स्वीकारली गेली. या निविदाकाराला कंपन्यांची कँटीन चालवण्याचा अनुभव होता, परंतु तो द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक नव्हता. रमण दयाराम शेट्टी यांनी या ठेक्याला आव्हान दिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शेट्टी यांनी निविदा भरलीच नव्हती.

प्राधिकरणाचा बचाव वाचण्यासारखा आहे. महानगरपालिका श्रेणी देते ती उपाहारगृहाला, माणसाला नव्हे. तेव्हा 'द्वितीय श्रेणी हॉटेलचालक' असा प्राणी अस्तित्वातच नाही. आणि ही अट केवळ मार्गदर्शनापुरती होती. थोडक्यात, आम्ही जे लिहिले ते आम्हाला तसे म्हणायचे नव्हते. ४ मे १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी हा बचाव नाकारला. शब्दांचा अर्थ सामान्य वाचक लावील तोच. द्वितीय श्रेणीचे उपाहारगृह चालवणारा तो द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक. आणि सरकारी संस्थेने जो मापदंड स्वतः जाहीर केला, तो तिला स्वतःलाही बांधतो. तो मोडला तर समतेचा भंग होतो, कारण अट वाचून 'हे आपल्यासाठी नाही' असे समजून घरी बसलेला माणूस फसवला जातो. अट सैल आहे हे ठाऊक असते, तर त्यानेही निविदा भरली असती.

माझ्या मते या निकालाचे मोठेपण या एका व्यक्तीला ओळखण्यात आहे. ज्याने सूचना वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि म्हणून जो कोठल्याच कागदावर उमटला नाही, असा हा वाचक. शेट्टी स्वतः मात्र हरले. अर्ज उशिरा आला होता. न्यायालयाच्या मते तो दुसऱ्याच कोणाच्या प्रेरणेने केलेला होता. आणि ठेकेदाराने दरम्यान सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते. तत्त्व जिंकले, अर्जदार हरला.

याचा अर्थ निविदेतील प्रत्येक स्वल्पविराम पवित्र ठरला असे नव्हे. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याच्या भंगारविक्रीत अनामत रक्कम रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने भरायची होती; एकाने ती युनियन बँकेच्या धनादेशाने भरली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तफावत क्षम्य मानली. मूलभूत अट वेगळी आणि आनुषंगिक अट वेगळी. पुढे १९९४ साली, चार महानगरांतील मोबाइल दूरध्वनीच्या परवान्यांसंबंधीच्या टाटा सेल्युलर खटल्यात, न्यायालयाने आपली मर्यादा आखून घेतली: आम्ही निर्णयाची पद्धत तपासू, निर्णयाचे गुणदोष नाही.

या संयमातूनच पुढे वेगळे वळण आले. नागपूर मेट्रोच्या कामासाठी 'मेट्रो'च्या बांधकामाचा अनुभव ही अट होती. चीनमधील आंतरशहर द्रुतगती रेल्वेचा अनुभव त्यात बसतो का? नागपूर मेट्रोने नाही म्हटले, मुंबई उच्च न्यायालयाने हो म्हटले. २०१६ साली अ‍ॅफकॉन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. निविदा जिने लिहिली ती संस्थाच तिचा अर्थ जाणायला सर्वांत योग्य. दुष्ट हेतू किंवा विपर्यास नसेल, तर तो अर्थ न्यायालयाला न पटला तरी हस्तक्षेप करू नये. २०२२ साली, नवोदय विद्यालय समितीच्या टॅबलेट-खरेदीत स्मार्टफोन हे 'समान प्रकारचे' उत्पादन मानायचे की नाही या वादातही हेच सूत्र लागू झाले.

या भूमिकेमागील व्यावहारिक कारण खोटे नाही. हरलेला प्रत्येक निविदाकार न्यायालयात गेला, तर पूल आणि रेल्वे कागदावरच राहतील, आणि त्याचा भुर्दंड जनतेलाच पडेल. तरीही येथे काही निसटते आहे. लेखकाच्या हेतूला अर्थाचा स्वामी करणे किती जोखमीचे, हे साहित्याच्या वर्गात आपण शिकवतो. निविदेत ती जोखीम दुणावते. कवी आपल्या कवितेचा अर्थ सांगतो, तेव्हा त्याला त्यातून ठेका द्यायचा नसतो. सरकारी संस्था मात्र कोणाची किती बोली आहे हे समोर असताना अर्थ सांगू शकते.

तेव्हा प्रश्न लेखक की वाचक एवढ्यावर सुटत नाही. अर्थ केव्हा सांगितला, हेही विचारावे लागते. निविदापूर्व बैठकीत शंका विचारता येतात, शुद्धिपत्रक काढता येते, आणि ते सर्वांना सारखेच वाचायला मिळते. तोवर लेखकाचा शब्द प्रमाण मानायला हरकत नसावी. पण लिफाफे उघडल्यावर संहिता तिच्या लेखकाच्या हातून सुटली पाहिजे. संदिग्ध शब्दाची किंमत तो लिहिणाऱ्याने मोजावी. अट वाचून जो प्रामाणिकपणे घरी बसला, त्याने नव्हे.