संत्र्याचा रस आणि आबकारीचे दफ्तर

दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरोरा मागे पडले आणि भांदक अद्याप यावयाचे असले की माजरी जंक्शन लागते. येथून एक फाटा पश्चिमेस वळून, वर्धा नदी ओलांडून, वणीकडे व पुढे आदिलाबादकडे जातो, आणि स्थानकाच्या आसपास वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी व त्यांच्या वसाहती पसरलेल्या आहेत. फळबागांविषयी या मुलखाचा लौकिक कधीच नव्हता. जमिनीच्या पोटात कोळसा, पाठीवर कापूस, आणि पूर्वेकडे सरकत जावे तसतसे भात व अरण्य, अशी येथील संपत्तीची वाटणी. तथापि थंडी पडू लागली की आंबिया बहाराची संत्री काटोल-नागपूरकडून येथील बाजारात उतरतात, पाळी संपवून घरी जाणाऱ्या कामगाराच्या पिशवीत डोकावू लागतात, आणि ज्या घरांत पिणे निषिद्ध मानलेले नाही तेथे त्यांच्या रसाला कधीमधी मद्याची जोडही मिळते. हा शौक साहेबाचा, किंवा चित्रपटांतून उचललेला, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो समज मान्य नाही. आंबट रस व मद्य यांचा संयोग आपल्या देशात पुरातन आहे, त्याचे आधुनिक रूपही आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे. आणि पेल्यात काय पडावे याचा निवाडा जिभेने जितका केला त्याहून अधिक सरकारी दफ्तराने केला आहे.

पुरातनत्वासाठी फार शोधाशोध करावयास नको. चरकसंहितेत मदात्ययाची, म्हणजे अतिमद्यपानाने उद्भवणाऱ्या विकाराची, जी चिकित्सा सांगितली आहे तीत मद्यामध्येच बीजपूरक, वृक्षाम्ल, डाळिंब यांसारखी अम्ल द्रव्ये मिसळून ते रोग्यास देण्याचे विधान आहे. बीजपूरक म्हणजे आपले महाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती शोभते. वैद्यांच्या दृष्टीने हे औषध होते, विलास नव्हे. पण औषध आणि विलास यांच्यामधली भिंत मद्याच्या बाबतीत किती पातळ असते हे जाणकारांस सांगणे न लगे.

सतराव्या शतकात या संयोगाला बाजारी रूप आले. सुरत, मच्छलीपट्टण, गोवा येथील वखारींतून राहणाऱ्या युरोपीय लोकांना मायदेशची द्राक्षासवे समुद्रप्रवासात नासून मिळत, म्हणून ते अरक या स्थानिक गाळीव दारूकडे वळले, आणि तिचा उग्रपणा मारण्यासाठी लिंबू, साखर, पाणी व जायफळ यांचा आश्रय करू लागले. तेच पंच नावाचे पेय. ज्या डॉक्टर जॉन फ्रायरने शिवराज्याभिषेकाच्या सुमारास या किनाऱ्यावर वावरून आपले प्रवासवृत्त लिहिले, त्याने गोव्यातील नेरूल येथील अरक सर्वोत्तम असल्याचे नमूद केले आहे, आणि तिच्यापासून इंग्रज लोक हे पंच करतात व त्याने निर्बल होतात, अशी वैद्याला शोभणारी तक्रारही केली आहे. परंतु मला या सर्वांपेक्षा अधिक मौजेचा वाटतो तो १६९४ सालचा मुंबई सरकारचा एक हुकूम. पेयगृहात येऊन कोणी पंच मागितले तर त्याला एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचा रस मागण्याचा अधिकार असावा, आणि त्याने आपले पेय आपल्या हातांनी करून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. दुकानदाराने मापात खोट करू नये हा हेतू उघड दिसतो. क्वार्ट म्हणजे लिटराच्या आसपासचे माप आणि अर्धा पिंट म्हणजे त्याचा चतुर्थांश; तेव्हा चार भाग अरकेस एक भाग रस असे हे सरकारमान्य प्रमाण झाले, जे आजच्या कोणाही शहाण्या माणसाने जसेच्या तसे करून पाहू नये. तरी पण आपल्या हाताने लिंबू पिळून घरगुती पेय सिद्ध करण्याच्या कलेचा असा कायदा मुंबईत झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

किनाऱ्यावर अशी घालमेल चालू असता अरण्याकडील चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, प्रांतात निराळीच व्यवस्था नांदत होती. येथे मद्य म्हणजे मोहाचे. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडांखाली पडलेली मांसल, फिकट पिवळी फुले वेचून वाळवावीत, पाण्यात आंबवावीत, मडक्यावर मडके चढवून बांबूच्या नळीने वाफ थंड करावी, आणि थेंब थेंब उतरणारा अर्क जन्म, विवाह, मृत्यू या तिन्ही प्रसंगी वापरावा, असा गोंड समाजाचा क्रम. देवापुढे जी धार सोडावयाची ती निर्भेळ. तिच्यात लिंबू पिळणे कोणाच्या मनातही येणार नाही. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला, आणि ज्या भट्ट्या गावाच्या व दारू गाळणाऱ्या कलाराच्या जुन्या संबंधावर चालत होत्या त्यांचे वर्षावर्षाला लिलाव होऊ लागले. मक्ता ज्याच्या नावे सुटला त्याची भट्टी कायदेशीर, शेजाऱ्याची गुन्हेगार. पुढे बड्या सरकारी देखरेखीच्या गाळपशाळा, गॅलनवर आकारला जाणारा कर, आणि १९१५ चा मध्यप्रांताचा आबकारी कायदा, या पायऱ्यांनी हे नियंत्रण पुरते झाले. महसूल वाढला, मोहाचे झाड मात्र जंगलात जेथे होते तेथेच राहिले, आणि हातभट्टीही त्याच्याच सावलीला राहिली.

संत्र्याचा प्रवेश याच्या आधीच, आणि दुसऱ्या दिशेने झाला होता. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेकडून हे फळ नागपुरास आणविले असे परंपरा सांगते. बागेची काळी जमीन, जंबेरीच्या खुंटावर भरलेला डोळा, आणि झाडाला पाण्याचा ताण देऊन बहार धरण्याची युक्ती, यांच्या बळावर ते काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी येथे पसरले. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा हा दुवा पुरा होऊन उत्तर व दक्षिण हिंदुस्थान एका सलग लोहमार्गाने जोडला गेला, तेव्हा माजरीवरून जाणाऱ्या गाड्यांतून नागपूरची संत्री दक्षिणेस जाऊ लागली असतील, हे अनुमान धाडसाचे ठरू नये.

आता या दोन प्रवाहांचा, फळाचा व मद्याचा, संगम कोणी घडविला? पुन्हा दफ्तरानेच. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला; राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये इकडे लागू करण्यात आला; मग धोरण सैल होऊन १९७३ च्या नियमांन्वये देशी दारूची दुकाने ठिकठिकाणी उभी राहिली. या देशी दारूत मळीपासून काढलेला मद्यार्क, पाणी आणि स्वाद एवढेच असते, आणि त्या स्वादांत सर्वाधिक गाजलेला स्वाद म्हणजे संत्रा. ज्या प्रदेशात खऱ्या संत्र्याचे ढीग पडतात त्याच प्रदेशात कामगार दुकानाच्या फळीवर कोपर टेकून संत्रा मागतो आणि त्यास बागेचे दर्शनही न झालेली बाटली मिळते, यासारखा विनोद आबकारीच्या इतिहासात दुसरा आढळत नाही.

माजरीच्या बाबतीत या कथेस नदीची मर्यादा आहे. वर्धा नदीचे पात्र हे भोसल्यांचे राज्य व निजामाचा वऱ्हाड यांमधील सीमा होते. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे आला, तरी मध्यप्रांताशी त्याचा कारभार जुळला तो १९०३ मध्ये. आजही नदीच्या या काठी चंद्रपूर जिल्हा, त्या काठी यवतमाळ. १ एप्रिल २०१५ रोजी महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी जारी झाली आणि माजरीचा माणूस अकस्मात अशा स्थळी येऊन ठेपला की आगगाडीने वणीस उतरताच वैध असणारी वस्तू परतीच्या गाडीत बेकायदा ठरावी. घरादाराची राखरांगोळी ज्या बायकांनी पाहिली त्यांच्या आंदोलनाचे मोल हलके लेखण्याचा मला अधिकार नाही. सीमा ओलांडून येणारा चोरटा माल आणि त्यावर पोसलेली टोळकी यांचाही हिशेब मात्र त्याच वहीत मांडावा लागतो. २०२१ साली शासनाने ती बंदी उठविली.

राहता राहिला घरातला पेला. थंडीत तो करावयाचा तर नागपुरी संत्र्याचा एक दोष आधी जाणून घ्यावा: रस काढून ठेवला की काही वेळाने तो कडवट होतो, कारण बी व पांढऱ्या आवरणातून उतरलेल्या द्रव्यापासून रसात हळूहळू कडू लिमोनिन तयार होते. म्हणून फळ मिक्सरात फिरवू नये. आडवे कापून हातानेच हलके पिळावे, बी चिरडू देऊ नये, आणि रस तत्काळ वापरावा. हे फळ मुळात गोड, आंबटपणात उणे, म्हणून अर्धे लिंबू, किसलेल्या आल्याचा थोडा रस व किंचित काळे मीठ यांची जोड द्यावी. सालीचा तुकडा पेल्यावर वाकवून दाबला तर त्यातील तेलाचा बारीक फवारा उडतो, आणि तो समईच्या ज्योतीवर उडविला तर क्षणभर ठिणग्या चमकतात. मुलांना याचे फार कौतुक. ज्याला मद्य घालावयाचे असेल त्याने रमचा एक लहान भाग रसाच्या तिप्पट-चौपट भागात घालावा, बर्फ नसला तरी चालतो, आणि ज्याला नको त्याच्या पेल्यात बाकी सर्व सारखेच असावे. हा पेला माजरीत, परवाना खिशात असेल तर, आज कायद्याने निर्दोष आहे. उत्तरेस दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्याची हद्द ओलांडली की तो गुन्हा होतो, आणि पूर्वेस वैनगंगेचा पूल उतरून गडचिरोलीत शिरावे तर तेथे १९९३ पासूनची बंदी अद्याप कायम आहे.