वृद्धांचे पडणे व त्याचा प्रतिबंध

वृद्धांचे पडणे हा केवळ वयाचा किंवा नशिबाचा भाग नसून बहुतांशी टाळता येणारा अपघात होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे.

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत जुन्या घरांचे शौचालय बहुधा परसात असते. रात्री लघवीस उठलेली वृद्ध व्यक्ती अंधारात उंच उंबरठा ओलांडते, पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर पाय ठेवते आणि खुब्याचे हाड मोडते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शरीरातील पाणी कमी झालेले, त्यातच रक्तदाबाची गोळी चालू असल्यास उठताक्षणी भोवळ येते. म्हणून अंथरुणावर क्षणभर बसून मगच उभे राहावे. मोतीबिंदू, झोपेची औषधे व झिजलेल्या चपला ही इतर कारणे होत.

रात्रभर मिणमिणता दिवा आणि न्हाणीत धरावयास दांडी हे उपाय अल्पखर्ची आहेत. तोल व पायांचे बळ वाढविणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने घटते. एकदा पडलेल्याचे हिंडणे घरची मंडळी काळजीपोटी बंद करतात. त्याने पाय अधिकच दुबळे होतात. काठी घेण्याचा अनेकांना संकोच वाटतो. वास्तविक १९३६ पासून सेवाग्रामात राहिलेले गांधीजी काठी घेऊनच फिरावयास जात.

पडल्यानंतर पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसल्यास रुग्णाला उभे करू नये, मालीशही करू नये. आडवे ठेवूनच रुग्णालयात न्यावे.