सत्याग्रहींचा इशारा : महाड ते संविधान सभा

१/ २५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले की कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडून द्यावे लागतील. संविधानिक मार्ग खुले असताना ते मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण होय, असे त्यांचे मत होते.

२/ आजही एखादे आंदोलन उभे राहिले की या इशाऱ्याची आठवण करून दिली जाते. मात्र इशारा देणारी व्यक्ती स्वतः महाड आणि नाशिकच्या सत्याग्रहांची नेता होती. मग ही विसंगती म्हणायची का?

३/ महाडपासून पाहू. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या दिवशी मोडली ती रूढी. कायदा त्यांच्याच बाजूने होता.

४/ तरीही परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

५/ डिसेंबर १९२७. दुसऱ्या परिषदेसाठी हजारो लोक तुरुंगवासाच्या तयारीने जमले होते. पण विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले; तळ्यावरचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी तहकूब केला. तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक पाण्याला न शिवता परतले.

६/ लढा न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्याचा हक्क सिद्ध व्हायला दहा वर्षे लागली!

७/ म्हणजे १९४९ ची भूमिका आकस्मिक नव्हती. तिचे मूळ महाडच्या त्या माघारीत दिसते. शिवाय इशाऱ्याला एक अट जोडलेली होती. संविधानिक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा या साधनांचे समर्थन करता येत होते, हे त्यांनी त्याच भाषणात मान्य केले. सामाजिक आणि आर्थिक विषमता दूर झाली नाही, तर तिचे चटके सोसणारे लोक लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, हेही त्यांनी तिथेच सांगितले. पहिला इशारा नागरिकांना होता, दुसरा राज्यकर्त्यांना.

८/ मग मार्ग खरोखर खुला आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५९ मध्ये त्यांचे निकटचे सहकारी आणि नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहातील अग्रणी दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला. १९६४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. संविधान लागू होते, निवडणुका होत होत्या; भूमिहीनांच्या हाती जमीन मात्र नव्हती. सत्याग्रहींनी लपूनछपून काही केले नाही. ते उघडपणे तुरुंगात गेले.

९/ माझ्या मते स्वतंत्र समाजातील कायदेभंगाची कसोटी इथेच आहे. शिक्षा पत्करणारा सत्याग्रही कायद्याचे राज्य नाकारत नाही; कायद्याने दिलेले वचन अजून पाळले गेलेले नाही, याकडे तो बोट दाखवतो. म्हणून बाबासाहेबांचा पहिला इशारा उद्धृत करताना दुसरा गाळू नये. दोन्ही एकत्र वाचले तरच ते भाषण कळते.