चराईबंदी कोणाची?

गुरांच्या चराईवरील बंदी आपल्या मुलखात दोनदा आली, आणि दोन्ही वेळा निरनिराळ्या दाराने आली.

पहिल्यांदा ती वरून आली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनने भयंकर दुष्काळ सोसला. त्याच १८७८ साली सरकारने जंगलाचा कायदा केला आणि गुरे चारण्याची राने फॉरेस्टखात्याच्या ताब्यात जाऊ लागली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या गायरानांचे गाऱ्हाणे आहे. त्या बंदीने गवत वाचले असेल. परंतु ज्याचे जनावर उपाशी राहिले, त्याला कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्यांदा ती गावातून आली. नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी झाली. १९८९ साली पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले आणि त्या गावानेही हाच नियम पत्करला. जनावर डोंगरावर मोकाट सोडायचे नाही. गवत मात्र विळ्याने कापून न्यावे. पाऊस जेमतेम. तरी गवताची मुळे शाबूत राहिली, माती थांबली, समतल चरांत पाणी मुरले, गोठ्यात चारा आला. गावचे दूध अनेक पटींनी वाढले.

आज या रीतीला आणखी एक अर्थ आला आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन वायू होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता धरतो. अर्धपोटी गुरे दूध देत नाहीत, वायू मात्र सोडतात. चांगल्या चाऱ्यावरची मोजकी गुरे ठेवली, तर लिटरमागे तो कमी पडतो.

परंतु बंदीचा पहिला भार शेळीवाल्यावर पडतो. ज्याला जमीन नाही, त्याची शेळी हीच त्याची शिल्लक. म्हैस घ्यावी तर भांडवल नाही, चारा लावावा तर बांध नाही. आम्हा युनियनवाल्यांना हे ओळखीचे आहे : ज्याची चूल सर्वांआधी विझते, त्याच्या ज्वारीची सोय केली नाही, तर संप टिकत नाही, आणि दोष त्या उपाशी माणसाला देता येत नाही.

म्हणून जे गाव उद्या हा नियम करील, त्याने कापलेल्या गवताचा पहिला वाटा भूमिहीनाला द्यावा, आणि म्हशीच्या कर्जासाठी त्याला जामीन शोधत हिंडवू नये. नाहीतर १८७८ सालचेच गाऱ्हाणे ग्रामसभेच्या नावाने पुन्हा ऐकावे लागेल.