नांगराचा दोर आणि नांगराची साखळी



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरविली, त्याच शाळेने आपल्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविलेल्या माणसाने या प्रसंगी संतकाव्यावर किंवा गोमंतकातील मराठीच्या परंपरेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज गलबताचा नांगर दोराला बांधावा की साखळीला, या प्रश्नाच्या इतिहासाविषयी बोलणार आहे. हा विषय मला गुरुजींनीच दिला होता. तो कसा, हे आधी निवेदन करतो.

आमच्या घरचा एक पडाव होता. कौले, मीठ, नारळ यांची ने-आण करून तो शापोरा नदीच्या मुखाशी उभा राही. त्याच्या नांगराचा दोर काथ्याचा होता. आमचा वृद्ध तांडेल रोज संध्याकाळी तो दोर हातभर हातभर सरकवीत बोटांनी चाचपून पाही. कोठे पदर झिजला असेल तर तेवढा भाग कापून नव्याने गुंफी. दर दोन पावसाळ्यांनी नवा दोर घ्यावा लागे आणि वडिलांना तो खर्च जड जाई. १९६३ साली त्यांनी मोडीत निघालेल्या जहाजाची एक जुनी साखळी विकत घेतली. आता जन्माची काळजी मिटली, असे ते म्हणाले. तांडेल काही बोलला नाही. पण त्याचा संध्याकाळचा तो नेम त्या दिवसापासून सुटला. लोखंडाला काय चाचपायचे?

मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री वारा उठला आणि साखळीची एक कडी तुटली. पडावावर कोणी नव्हते म्हणून प्राणहानी टळली. परंतु पडाव किल्ल्याखालच्या खडकांवर आपटून फुटला. सकाळी ओहोटीला तुटलेली कडी मिळाली. ती वरून धडधाकट होती. जेथे तिची दोन टोके भट्टीत जुळविली होती, तेथे आत जुनी चीर होती आणि ती गंजून काळी पडली होती. नव्याने तुटलेला चकचकीत भाग नखाएवढाच होता.

मला शाळेतून काढून दुकानावर ठेवण्याचे ठरले. तेव्हा गुरुजी आमच्या घरी आले, माझ्या फीची तजवीज त्यांनी केली आणि जाताना ती तुटकी कडी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी वर्गात ती माझ्या हाती देऊन ते म्हणाले, “लोकांनी दोर का सोडला, हे शोधून काढ आणि मला सांग.” वडील अखेरपर्यंत एकच म्हणत राहिले, “दोर सोडला हीच माझी चूक झाली.” गुरुजींचा प्रश्न आणि वडिलांचे ते वाक्य मी साठ वर्षे बरोबर वागविली आहेत. आज त्यांचा हिशेब देतो.

प्रथम भाषेचे पाहू. मराठीत शेतातल्या आणि समुद्रातल्या दोन्ही साधनांना ‘नांगर’ हा एकच शब्द आहे. समुद्रातल्या नांगराचे नाते फारसी ‘लंगर’ शब्दाशी जोडले जाते. पण आपल्या जिभेवर दोन्ही एकरूप झाले आहेत. शेतातल्या नांगराने भूमी फाडीत पुढे जावे, ही अपेक्षा. समुद्रातला नांगर तसा चालू लागला तर गलबत गेलेच म्हणून समजावे. तो रुतून राहावा यासाठी त्याच्यावरील ओढ आडवी, तळाशी समांतर पडली पाहिजे. ओढ वरच्या दिशेने लागली की नांगर निघतो. दोर की साखळी, हा सगळा वाद येथून सुरू होतो.

साखळी स्वतःच्या वजनाने झोल खाते. नांगराजवळचा तिचा भाग तळावर पडून राहतो आणि ओढ आपोआप आडवी होते. वारा वाढला की आधी तो झोल सरळ व्हावा लागतो, म्हणून धक्का सोसला जातो. दोर हलका, तो आडवा राहावा यासाठी पुष्कळ लांब सोडावा लागतो. साखळीला पाण्याच्या खोलीच्या चार-पाचपट लांबी पुरत असेल, तर दोराला सातपट तरी हवी. दोराचा गुण निराळा आहे. तो ताणतो आणि परत येतो. साखळी एकदा पुरती ताठ झाली की तिच्यात काही उरत नाही. लाटेचा प्रत्येक हिसका थेट नांगराला आणि नाळेला बसतो. उलट, खडकाळ तळावर दोर घासून तुटतो, साखळी तेथे टिकते.

हे ज्ञान आपल्या समुद्राला जुने आहे. विजयदुर्गाच्या पाण्यात दोर ओवण्याची भोके असलेले दगडी नांगर संशोधकांना सापडले आहेत. दगड उरले, दोर केव्हाच कुजून गेले. ते दोर येथे मुख्यतः काथ्याचे असत. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, तरंगतो आणि इतर तागांपेक्षा अधिक ताणतो. मल्याळम ‘कयर’ शब्दावरून पोर्तुगीजांनी ‘कायरू’ केला आणि त्यातून तो इंग्रजीत गेला. चौदाव्या शतकात मालदीवला गेलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले आहे की, हिंदुस्थान व येमेनची जहाजे काथ्याने शिवतात, कारण खडकावर आदळल्यावर खिळ्यांचे जहाज फुटते आणि शिवलेले लवचीकपणामुळे वाचते. लोखंड आपल्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी विचारपूर्वक पीळ पसंत केला होता.

साखळीही तितकीच जुनी. इ. स. पूर्व ५६ मध्ये गॉलच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हेनेटी लोकांशी ज्युलियस सीझर लढला. त्यांच्या ओकच्या जहाजांचे नांगर दोरांऐवजी लोखंडी साखळ्यांना बांधलेले होते, अशी नोंद त्याने केली आहे. मग पुढे अठराशे वर्षे युरोपने दोरच का वापरला?

त्या दोराचा थाट पाहिला म्हणजे प्रश्न अधिकच अवघड वाटतो. ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या युद्धनौकेचा नांगराचा दोर घेरात दोन फुटांपर्यंत असे आणि लांबीला सुमारे शंभर वाव. तीन पदरांचे तीन दोर पुन्हा एकत्र पिळून तो होई. असे दोर वळण्यासाठी चॅटमच्या गोदीत अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली इमारत पाव मैलाच्या घरात लांब आहे. दोर इतका जाड की नांगर ओढण्याच्या उभ्या चक्राला तो गुंडाळता येत नसे. म्हणून एक बारीक फिरता दोर चक्राला लावीत आणि मोठा दोर त्याला तात्पुरता बांधीत पुढे सरकवीत. ओला, चिखलाने माखलेला दोर जहाजाच्या पोटात रचून ठेवीत. तेथे तो कुजे आणि दुर्गंधी पसरे.

प्रवाळाच्या तळावर तर तो टिकतच नसे. एप्रिल १७६८ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील ताहिती बेटापाशी थांबला असता नऊ दिवसांत त्याचे सहा नांगर गेले. लोखंडी साखळ्या जवळ असत्या तर हे संकट ओढवले नसते, असे त्याने नमूद केले आहे. औषध ठाऊक होते, तरी कोणी घेत नव्हते. कारण शेकडो कड्यांपैकी एकीचा जोड कच्चा असला, तर बाकीच्या सर्व कड्यांचे बळ व्यर्थ. आणि ती कडी कोणती, हे डोळ्यांना दिसत नाही. दोर आपले म्हातारपण लपवीत नाही. त्याचे पदर सुटतात, रंग जातो, हाताला तो मऊ लागतो. लोखंड शेवटच्या क्षणापर्यंत काही सांगत नाही.

कोंडी फुटली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. नौदलाला लागणारा ताग रशियातून, रिगा व सेंट पीटर्सबर्ग या बंदरांतून येई. १८०७ च्या टिल्सिटच्या तहाने रशिया नेपोलियनच्या बाजूस गेला आणि तो पुरवठा धोक्यात आला. हिंदुस्थानातील ताग-अंबाडीकडेही इंग्रजांचे लक्ष वळले होते. कलकत्त्यात विल्यम रॉक्सबर्गने येथील तंतूंच्या बळाचे प्रयोग केले होते. याच सुमारास सॅम्युएल ब्राऊन या नौदल अधिकाऱ्याने १८०६ मध्ये ‘पेनेलोपी’ नावाच्या सुमारे चारशे टनांच्या व्यापारी जहाजावर साखळ्या बसवून ते वेस्ट इंडीजला नेऊन आणले. १८०८ मध्ये त्याने आपल्या साखळीचे पेटंट घेतले. १८१३ मध्ये टॉमस ब्रंटनने कडीच्या मध्ये आडवा दांडा घालण्याची युक्ती काढली. त्यामुळे कडी चेपत नाही आणि साखळीला गाठी पडत नाहीत. संकटकाळी दोर कुऱ्हाडीने तोडता येतो, साखळीचे काय, असा खलाशांचा आक्षेप होता. त्यावर खिळ काढून सोडता येणाऱ्या जोडकड्या आल्या.

पण ब्राऊनचे खरे काम मला निराळेच वाटते. साखळी विकण्यापूर्वी ती यंत्रावर ताणून पाहण्याची रीत त्याने पाडली. जी कडी तुटायची ती कारखान्यात तुटू द्यावी, समुद्रात नव्हे. या परीक्षेवर भरवसा बसला तेव्हाच नौदलाने दोर सोडला. त्याच भरवशावर ब्राऊनने ट्वीड नदीवर लोखंडी दुव्यांच्या साखळ्यांचा झुलता पूल बांधला. १८२० मध्ये खुला झालेला तो पूल आजही उभा आहे. पुढे १८६४ मध्ये ब्रिटिश संसदेने परीक्षा न झालेल्या मोठ्या साखळ्या व नांगर विकण्यास कायद्याने बंदी केली.

म्हणजे अठराशे वर्षांचा विलंब लोखंडाच्या अभावाचा नव्हता. तांडेलाच्या बोटांची जागा घेईल असे काही सापडेपर्यंत जगाने वाट पाहिली. साखळी आली ती परीक्षेचा हात धरून. आमच्या घरी ती एकटीच आली.

दोराचा अध्याय तेथे संपला असेही नाही. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाले आणि न कुजणारा, भरपूर ताणणारा दोर हाती आला. आज लहान नौकेचे जाणते मालक नांगराजवळ काही वाव साखळी ठेवतात आणि पुढे नायलॉनचा दोर जोडतात. तळाच्या खडकाशी लोखंड झुंजते, वरच्या लाटेशी पीळ झुंजतो. संपूर्ण साखळी वापरणारेही नाळेपाशी दोराचा एक तुकडा बांधून हिसका त्याच्यावर घेतात. आणि दोर असो वा साखळी, जोड कोठे आहेत ते ठरावीक काळाने पाहतात.

आपल्या पूर्वजांनी तर त्याही आधीचा विचार केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. पावसाळ्याची तुफाने सुरू होण्यापूर्वीच आरमार सुरक्षित बंदरात छावणीस न्यावे, अशी त्यात ताकीद आहे. मेच्या अखेरीस नदीच्या तोंडाशी पडाव उभा ठेवणाऱ्या आमच्या घराने तेही विसरून चालणार नव्हते.

तेव्हा गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर असे : लोकांनी दोर सोडला तो साखळी बळकट होती म्हणून नव्हे, तिचे दुबळेपण आधी ओळखता येऊ लागले म्हणून सोडला. आणि वडिलांना सांगावयाचे राहून गेले ते असे की, आबा, दोर सोडला ही तुमची चूक नव्हती. साखळी घेणे शहाणपणाचेच होते. चाचपणे सोडले, ती चूक आपणां सर्वांची होती, तांडेलाची आणि तटावर बसून पाहणाऱ्या माझीही.

गुरुजी रोज संध्याकाळी वह्यांचे गठ्ठे घरी नेत. एकही ओळ न वाचता त्यांनी कधी सही केली नाही. माझ्या निबंधातल्या प्रत्येक कच्च्या जोडाखाली त्यांची लाल रेघ असे. आज हा निबंध साठ वर्षे उशिरा त्यांच्या स्मृतीपुढे ठेवीत आहे. तपासण्याचे काम आता आपणाकडे आहे.