खंडाळ्यात पहिला आलेला

उलव्यात आता चढ उरलेला नाही. गावाशेजारची नव्वदेक मीटर उंचीची टेकडी नवी मुंबई विमानतळासाठी सुरुंग लावून कापून काढली, आणि सिडकोने आखलेले सेक्टरचे रस्ते खाडीच्या बाजूला सपाट पसरले. इथल्या सायकलस्वाराला पायांत घाटाचा दम आणायचा असेल, तर गव्हाण फाट्यावरून पनवेल गाठायचं आणि पळस्पे, शेडुंग, चौक, खालापूर करत जुन्या महामार्गाने खोपोलीला जायचं. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे. खोपोलीला गाव संपतं तिथे बोरघाट उभा राहतो.

याच घाटाने महाराष्ट्राच्या सायकल शर्यतींना त्यांचा सर्वांत लाडका किताब दिला: घाटाचा राजा. मुंबई-पुणे शर्यतीत पुण्याला पहिला येईल तो विजेता. पण बोरघाट सर्वांत आधी चढून जाईल त्याचा मान वेगळा. हे दोघे अनेकदा एकच नसतात. बक्षीस वेगळं ठेवावं लागलं त्याचं मूळ याच फरकात आहे, आणि ते शोधत गेलं की माणूस फ्रान्समध्ये पोहोचतो.

‘टूर द फ्रान्स’ 1903 साली सुरू झाली, ती ‘लॉतो’ या क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून. संपादक ऑन्री देग्रांज यांना डोंगराचं भय वाटे. सायकली जड, गिअर एकच, रस्ते मातीचे. तरी 1905 मध्ये व्होज पर्वतातला बालों दाल्झास हा घाट मार्गात घातला गेला. रेने पॉतिए तो सर्वांच्या आधी चढला. पण बझांसोंच्या वाटेवर इपोलित ओकुत्युरिएने त्याला गाठलं आणि टप्पा जिंकला. पॉतिए तर पुढच्याच टप्प्यात शर्यतीबाहेर गेला. लोकांच्या तोंडी मात्र नाव राहिलं ते घाट चढणाऱ्याचं. पुढच्या वर्षी त्याच घाटावरून तो एकटा सुटला, दोनशेहून अधिक किलोमीटर एकटाच पुढे राहिला आणि अखेर सगळी शर्यतच जिंकला.

1910 मध्ये पिरेनीज पर्वतही मार्गात आला. ऑक्ताव्ह लापीझ 2115 मीटर उंचीच्या तूरमाले घाटावर काही ठिकाणी सायकल ढकलत चढला, आणि संयोजकांना त्याने तोंडावर ‘खुनी’ म्हटलं. शर्यत त्यानेच जिंकली.

तरीही डोंगरातल्या पहिल्याला अधिकृत बक्षीस मिळायला 1933 उजाडलं. त्या वर्षीचा मानकरी व्हिसेंते त्रुएबा, स्पेनच्या तोर्रेलावेगाचा, इतका लहानखुरा की त्याला पिसू म्हणत. संघाचा आधार नसलेला हा गडी माथ्यांवर पहिला पोहोचायचा, पण उतारावर त्याचा जीव धजत नसे, आणि कमावलेली मिनिटं खाली येईपर्यंत निसटून जायची. एकूण क्रमवारीत तो सहावा आला. चढणाऱ्याच्या पदरी काहीतरी पडावं म्हणून 1934 पासून माथ्यावर पहिल्या येणाऱ्याला वेळेची सूट मिळू लागली. लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा त्याच्या कितीतरी नंतरचा, 1975 सालचा. चॉकलेटच्या एका कंपनीने तो पुरस्कृत केला होता. त्या वर्षी डोंगरांचा राजा ठरला बेल्जियमचा लुसिएँ व्हान इम्प.

चढावर पहिला आणि शेवटी मागे, असं का होतं? सपाटीवर ताशी 40 किलोमीटरने जाणाऱ्याची जवळपास दहातले नऊ भाग ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला राहिलेल्याची त्यातली मोठी बचत होते, म्हणून घोळका एकट्याला भारी पडतो. घाटात वेग 15 वर आला की हिशेब उलटतो. हवेचा अडथळा जेमतेम दहावा भाग राहतो, बाकी सगळं वजन वर ओढण्यात जातं. आडोशाचा उपयोग संपतो, घोळका विस्कटतो, आणि हलक्या अंगाच्या, मोठ्या छातीच्या गड्याला निसटायची संधी मिळते. माथा ओलांडला की मात्र हवा परत येते आणि तिच्याबरोबर घोळक्याचं बळही.

फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांनी यावर एक ढोबळ हिशेब बांधला: शेवटचे 10 किलोमीटर उरलेले असताना पुढच्याकडे मिनिटभराची आघाडी नसेल, तर घोळका त्याला गाठतोच. इटलीच्या फाउस्तो कोप्पीसारखे लोक हा नियम मोडतात. 1949 च्या ‘जिरो’ या इटलीच्या शर्यतीत कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात तो पाच घाटांवरून 192 किलोमीटर एकटा गेला आणि त्याचा प्रतिस्पर्धी बार्ताली जवळपास बारा मिनिटांनी मागे राहिला. पण पाच घाट होते हे विसरून चालणार नाही. दमलेला पाठलाग पुढच्या चढावर पुन्हा फुटत होता.

बोरघाटात तशी सवलत नाही. हा रस्ता शर्यतीसाठी कुणी बांधला नव्हता. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी 10 नोव्हेंबर 1830 रोजी तो गाड्यांसाठी खुला केला. ही वाट इंग्रजांना शिंग्रोबा धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे, आणि त्याचं देऊळ घाटातच आहे. खोपोलीपासून खंडाळा-लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ एका दमात येतो, आणि मग संपतो. लोणावळ्यापासून पुणे साठेक किलोमीटर, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड असं, आणि त्या वाटेवर या तोडीचा चढ पुन्हा येत नाही.

म्हणजे खंडाळ्याला पहिला आलेल्यासमोर प्रश्न असा की शरीरातलं सगळं घाटात ओतलं, आता साठ किलोमीटर एकट्याने हवा कशी कापायची? या मार्गाचं सगळं डावपेचांचं शहाणपण इथे आहे. ज्याला फक्त किताब हवा तो माथ्यावर सर्वस्व पणाला लावतो. ज्याला पुणं हवं तो शेवटच्या वळणांवर किंचित हात राखतो, राजेपद दुसऱ्याला जाऊ देतो, आणि लोणावळ्याच्या बाजारातून जाताना वेग थोडा सोडून मागच्या दोघा-तिघांची वाट पाहतो. ते आले की पाळीपाळीने पुढे राहायचं, प्रत्येकाने थोडा वेळ वारा खायचा आणि मग मागे सरकायचं. चौघे मन लावून फिरले तर घाटात फुटलेल्या मोठ्या घोळक्याला ते हाती लागणं कठीण. पण तळेगावच्या पुढे त्यातला एखादा आपली पाळी टाळू लागतो. शेवटच्या जोरासाठी तो पाय राखतो आहे हे बाकीच्यांना कळतं, तेही हात आखडतात, आणि देहूरोडच्या आसपास मागून येणाऱ्यांच्या शिट्ट्या ऐकू यायला लागतात.