साक्ष कोणाची प्रमाण?

गावशिवेचा तंटा निघाला की पूर्वी महाराची साक्ष प्रमाण मानीत. माझ्या पणजोबांना शिवेचा दगड न् दगड ठाऊक होता. साक्ष झाली की जमीन मात्र दुसऱ्याची. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. इतिहास शिकवताना प्रश्न पडतो : राबणाऱ्याचे ज्ञान निर्णयातून वगळणे केवळ आपल्याच गावगाड्यात घडले काय? कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर तर साक्षही नाकारली गेली.

हे बेट शतकानुशतके कॉड माशावर जगले. 1950 नंतर परदेशी ट्रॉलर आले. 1968 साली त्या समुद्रातून सुमारे 8 लाख टन कॉड उपसला गेला. 1977 साली कॅनडाने 200 सागरी मैलांची हद्द आखली. परदेशी जहाजांची जागा देशी कंपन्यांच्या ट्रॉलरनी घेतली.

1980 नंतर किनाऱ्यावरचा लहान मच्छीमार सांगू लागला, की मासा लहान होतो आहे, जाळी रिकामी येत आहेत. सरकारी शास्त्रज्ञांचा हिशेब सर्वेक्षण जहाजांवर आणि ट्रॉलरच्या पकडीवर बेतलेला होता. ट्रॉलरची पकड टिकून होती. कारण उरलेला कॉड थव्याने एकत्र येई आणि यंत्रांच्या साहाय्याने ट्रॉलर नेमका तेथेच पोचे. समुद्र रिता होत होता, कागद भरलेला दिसत होता.

1986 साली मच्छीमारांच्या संघटनेने विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञांकडून हे अंदाज तपासून घेतले. ते फुगलेले निघाले. 1989 साली सरकारी शास्त्रज्ञांनाही चूक उमगली. त्यांनी 1,25,000 टनांची मर्यादा सुचवली. मंत्र्यांनी 2,35,000 टन मंजूर केले. 2 जुलै 1992 रोजी ही मासेमारी बंद झाली. सुमारे 30,000 माणसे बेकार झाली. 2024 साली बंदी उठवली, तेव्हा मर्यादा ठरली 18,000 टन.

तेथे जात नव्हती. दोन्ही दुःखे एक आहेत, असा माझा दावा नाही. विज्ञान खोटे, असेही मी म्हणत नाही. बाबासाहेबांच्या वाटेने शिकलेल्याने विज्ञानाकडे पाठ फिरवणे हा आत्मघात ठरेल. माझे म्हणणे एवढेच, की किनाऱ्यावरचे रिकामे जाळे हाही पुरावाच होता. तो हिशेबात न धरणारे विज्ञान तेवढे अपुरे राहिले. धोका मोजणारा एक आणि भोगणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्या परिचयाची आहे. म्हणून समुद्राचा प्रश्न आपला नव्हे, असे आपण तरी म्हणू नये.